इनासच्या गाडीचे बोल्ट

फोन इनासच्या नंबरावरून आला, म्हणून उचलल्या उचलल्या मी म्हणालो, "मिळालं का रे हँडल?" माझ्या गाडीच्या मागच्या दरवाजाचं हँडल तो कधीपासून शोधत होता. पलीकडून त्याची मुलगी लविना म्हणाली, "काका, मी आहे. पप्पा गेले पहाटे." मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. बरं काय, बरं... पण तोंडातून तेच निघालं. महिना उलटून गेला, तो शब्द अजून टोचतो.

इनास पापडीचा. केळी आणि सोनचाफ्याची वाडी, त्यावर त्याचं घर चाललं. मी गोखिवऱ्याचा गॅरेजवाला, शाळा चौथीपर्यंत. तो रविवारी चर्चला जाणारा, मी शनिवारी मारुतीला तेल घालणारा. आमचं जमलं ते एकाच गोष्टीवर, दोघांकडे एकेक लँडमास्टर होती. हल्लीच्या लोकांना सांगावं लागतं, ॲम्बॅसिडरच्या आधी आलेली ती गाडी, जाड पत्र्याची, गिअर स्टिअरिंगला. त्याची त्याच्या वडिलांनी घेतलेली. पापडीतल्या निम्म्या नवऱ्या त्याच गाडीतून चर्चला गेल्या, पुढे चाफ्याची माळ आणि कोट घातलेला इनास ड्रायव्हर. मग एका उन्हाळ्यात तिच्या इंजिनाचा ब्लॉक फुटला, आणि माडाखालच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. पण अंग शाबूत, रंगसुद्धा बापाच्या वेळचा, फिका निळा. माझ्या गाडीचं उलटं. इंजिन एका किल्लीत बोलायचं, पण वर्षानुवर्षं खाऱ्या हवेत उघड्यावर उभी. दरवाजे, मडगार्ड, सगळ्याची चाळण.

मी पूर्वी एका शेठकडे ड्रायव्हर होतो, ही त्यांची गाडी. शेठ गेल्यावर मुलांनी भंगारात काढली, मी भंगारवाल्याकडून परत आणली. माझी बायको कमल तिच्यात पुढे कधी बसली नाही. "मागे बसलं की शेठाणी," म्हणायची. तळाचा पत्रा सडून खालचा रस्ता दिसायला लागला तेव्हा मी आडवी फळी टाकली. त्या फळीवर पाय ठेवून ही बाई चांदीपला माहेरी जायची, आणि वेशीवर आलो की पदर सारखा करून मान ताठ करायची. शेवटी दवाखान्यात नेली तीही त्याच गाडीतून, मागच्याच सीटवर. परत आणली ती दुसऱ्या गाडीतून... नंतर मी तळाला नवा पत्रा मारला. दरवाजांचं मात्र काही करता आलं नाही. ते आता कुठे मिळत नाहीत.

जुन्या गाड्यांचे शौकीन मुंबईहून रविवारी यायचे, इनासच्या वाडीत चहा प्यायचे आणि आम्हाला अक्कल शिकवायचे. "दोन गाड्या कशाला अडवून ठेवल्यात? यांच्या गाडीतलं इंजिन उचला, त्यांच्या गाडीत टाका. आठवड्यात एक गाडी रस्त्यावर येईल." बोलणं खोटं नव्हतं. इंजिन बदलणं सोपं, अंग बदलणं कठीण. शहाण्या माणसानं माझीच खोलली असती. आमच्या धंद्यात खोलायची म्हणजे दुसरीसाठी सामान काढून घ्यायचं आणि उरलेला सांगाडा भंगारात द्यायचा. मी सरळ सांगायचो, माझी खोलणार नाही.

"मग काय माझी खोलू?" इनास म्हणायचा. "पापडीच्या सगळ्या नवऱ्या शिव्या देतील मला."

"अरे, आज्या झाल्या त्या आता."

"आजीची शिवी जास्त लागते, दाम्या."

असं हसत, भांडत वर्षं गेली. कमल गेल्यावर मात्र त्यानं माझ्या गाडीचा विषय काढला नाही. कुणी पाहुण्यानं काढलाच तर मधेच तोडायचा, "त्याची सोडा." मी चुकलो असं मी आजही म्हणणार नाही. ज्या सीटवर बायको शेवटची बसली ती भंगारात द्यायला मला जमलं नसतं, आणि त्याला बापाची गाडी द्यायला जमत नव्हतं. दोघं आपापल्या जागी बरोबर, आणि दोन्ही गाड्या सडत होत्या.

शेवटची भेट त्याच्या घरी. छातीत पाणी झालं होतं, उशीला टेकून बसला होता. इकडचं तिकडचं झालं आणि एकदम म्हणाला, "दाम्या, माझी खोल."

मी म्हटलं, "ताप डोक्यात गेलाय तुझ्या."

"ताप नाय. माझी खोल. एक तरी चालू दे."

"तू बरा हो आधी. मग बघू कुणाची खोलायची."

तो हसला, त्यात खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाला, "तू नाय खोलणार. भित्रा आहेस." मला राग आला. उठलो, चपला घातल्या आणि निघालो. त्यानंतर आला तो लविनाचा फोन.

मातीला गेलो, महिन्याच्या मिस्सालाही चर्चमध्ये प्रार्थनेला मागच्या बाकावर बसलो, पण डोक्यात एकच. हा मनापासून बोलला, की आजारी माणूस काहीतरी बोलून गेला? माझी कीव केली असेल तर ती मला नको होती. आणि खरंच बोलला असेल तर माझ्या बायकोच्या सीटसाठी त्याच्या बापाची गाडी मी तोडायची? चर्चबाहेर लविनानं गाठलं. "काका, गाडी खोलायला कधी येताय?"

"कुणी सांगितलं तुला?"

"पप्पांनी. तुम्ही नाही म्हणाल हेपण सांगितलंय."

"मग राहू दे ना तुझ्याकडे. आठवण म्हणून."

"आठवण कसली? कोंबड्या अंडी घालतात तिच्यात."

गेलो एका मंगळवारी. गॅसची नळी, छिन्नी, मोठा हातोडा, सगळं घेऊन. इतकी वर्षं हललेली नाही अशा गाडीचे बोल्ट गंजून एकजीव होतात. तापवावे लागतात, ठोकावे लागतात, तरी डोकी तुटतात. खरं सांगतो, मी त्याच आशेवर गेलो होतो. दोन-चार बोल्ट अडले की सामान गुंडाळायचं आणि सगळ्यांना सांगायचं, निघत नाही. दरवाजाच्या बिजागरीला पाना लावला, सवयीनं अंगाचा सगळा भार टाकला... आणि तोंडावर पडता पडता राहिलो. बोल्ट गर्रकन फिरला. दुसरा बोटांनी निघाला. चारही दरवाजे तसेच. आडवा होऊन मडगार्डखाली हात घातला, तिथले बोल्टही तेलकट, डिझेल आणि ऑइलचा वास अजून येत होता. एकेक बोल्ट सोडवून, आतून साफ करून, हातानं परत बसवलेला.

लविना चहा घेऊन आली होती. म्हणाली, "पप्पा दुपारी तेलाचा डबा घेऊन गाडीखाली जायचे. मला वाटलं, चालू करायचं बघतायत. मी ओरडायचे, धाप लागते तर कशाला जाता..."

म्हणजे ताप नव्हता. दवाखाना चालू झाल्यापासून हा माणूस धापा टाकत बापाची गाडी माझ्यासाठी सैल करत होता. मी कारण शोधत येणार हे त्याला माहीत होतं. मी तिथंच जमिनीवर बसलो आणि त्याला आईवरून शिव्या दिल्या, लविनासमोर. तिनं चहा जवळ सरकवला.

आता नाही म्हणायला मला तोंड नाही. चार दरवाजे निघाले, माझ्या काळ्या गाडीला लागले, निळेच. रंगवणार नाही. बरं वाटलं का असं लोक विचारतात. नाही वाटलं. त्याची गाडी बघवत नाही.

इनासची एक सवय होती. काढलेला बोल्ट तो डब्यात टाकू द्यायचा नाही. ज्या भोकातला, त्याच भोकात दोन आटे फिरवून परत लावायचा. "आपापल्या घरी राहू दे," म्हणायचा. मला तो वेळेचा सत्यानाश वाटायचा. माझ्या गाडीला मी नवे बोल्ट आणलेत. त्याचे सगळे त्याच्याच भोकांत परत लावले, दोन-दोन आटे. दरवाजे नाहीत, कोंबड्या आरपार जातात, पण बोल्ट आपापल्या जागी.

मडगार्ड तेवढं राहिलं आहे. त्याला दोघं लागतात, एकानं धरायचं, एकानं फिरवायचं. लविना म्हणते, मी धरते. मी अजून हो म्हटलेलं नाही.