परत न फिरता चालायचा देश

हे सांगायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. विषय निघालाच तर म्हणायचो, आमचा प्रवास सुटीअभावी राहिला. ते ऐकून लोक हळहळायचे आणि मी ती हळहळ घ्यायचो. आता मला सत्तरी उलटून गेली आहे. ज्याला हे सांगायला हवं होतं तो राहिला नाही, म्हणून कागदाला सांगतो आहे.

मी वनरक्षक होतो. नोकरीची शेवटची काही वर्षं चंद्रपूर जिल्ह्यात, मूल गावाच्या अलीकडच्या जंगलात एका नाक्यावर काढली. माझ्या बीटमधून, म्हणजे माझ्या राखणीच्या हद्दीतून, आठ किलोमीटरची जाळरेषा जायची. जाळरेषा म्हणजे जंगलातून काढलेला मोकळा पट्टा. हिवाळा सरताना त्यावरचं गवत कापून जाळायचं आणि पुढे पाऊस येईपर्यंत रोजचा पाला झाडत राहायचं, म्हणजे वणवा आला तरी त्याला पलीकडे उडी मारता येत नाही. त्या पट्ट्यावर एक हंगामी फायर वॉचर होता. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, धानाची दीड एकर शेती, बायको वारलेली, मुलगी अहेरीला दिलेली. हंगाम आला की तो हातात झाडू म्हणून पळसाची डहाळी घेऊन या टोकाहून त्या टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा. असं त्यानं तीस वर्षं केलं. मी त्याला भाऊ म्हणायचो. तो मला गार्डभाऊ म्हणायचा.

एकदा दुपारी नाक्याच्या ओट्यावर बसून शिदोरी खाताना तो म्हणाला, "गार्डभाऊ, मले एक डाव परत न फिरता चालायचं हाय."

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं समजावून सांगितलं. तीस वर्षं तो रोज निघाला आणि रोज त्याच वाटेनं परत आला. आता त्याला असं निघायचं होतं की पुढचं पाऊल पुढेच पडेल. देश किती मोठा आहे ते त्याला पायानं बघायचं होतं.

त्या दिवसापासून आमचं ठरवणं सुरू झालं. भारताचा एक शाळेतला नकाशा मी मूलहून आणला आणि नाक्याच्या भिंतीला गव्हाच्या पिठाच्या खळीनं चिकटवला. विमान नाही, भाड्याची गाडी नाही. एसटी, दुसऱ्या राज्यांच्या तशाच साध्या बसगाड्या, पॅसेंजरचा जनरल डबा, आणि जिथे मन लागेल तिथे पायी. पाठीवर एक-एक पिशवी, बस. तो अंतर किलोमीटरमध्ये मोजायचा नाही, जाळरेषेत मोजायचा. इथून नागपूर वीस रेषांच्या आत, असं तो म्हणे. समुद्रापर्यंत किती रेषा होतील ते बोटांवर मोजताना त्याची बोटं संपायची आणि तो हसायचा. मुक्काम पाण्यावरून ठरायचे. जंगलात वाट अशीच ठरते, पाणी कुठे आहे त्यावरून. म्हणून मी हे सगळं लिहायचो त्या वहीत शहरांची नावं कमी आणि नद्यांची जास्त होती. आधी वैनगंगा, मग नर्मदा, चंबळ, सतलज, वर लडाखात जाऊन सिंधू. तिथून पूर्वेला ब्रह्मपुत्र. मग समुद्र डाव्या हाताला ठेवून खाली, जिथे जमीन संपते तिथपर्यंत.

अडचण एकच होती आणि ती आमच्याच जगातली होती. लडाखचे रस्ते उन्हाळ्यात उघडतात आणि आमच्याकडे उन्हाळ्यात आगीचा हंगाम असतो. आगीच्या हंगामात वनरक्षकाला सुटी नाही, आणि फायर वॉचर तर हंगामापुरताच असतो. बाकी कोणीही हसत म्हटलं असतं, सोडा ना एका वर्षापुरतं जंगल. ते आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही. मग ठरलं, जूनच्या मध्यावर हंगाम संपला की निघायचं. त्याचं धान त्याचा पुतण्या लावेल. पावसाळा डोंगरांच्या मागे काढायचा आणि थंडी पडू लागली की समुद्राकडे उतरायचं. साडेचार महिने. माझ्या खात्यावर शिल्लक रजा भरपूर होती.

त्यानं मूलच्या एका शिंप्याकडून ताडपत्रीची पिशवी शिवून घेतली. तिच्यात रेती भरून तो जाळरेषेवर सराव करायचा. मोहफुलं वेचायला आलेल्या बाया त्याला थांबवून विचारायच्या, "काय भाऊ, लद्दाख आलं काय?" तो न थांबता म्हणायचा, "आता आलं, त्या वळणामागं हाय." त्या वळणामागे फक्त एक बोडी, लहानसं तळं, होती आणि तिच्यात बगळे उभे असायचे. पण सांगतो, त्या दिवसांत मलाही कधीकधी त्या वळणाशी थंड वारा लागायचा. दुपारी ओट्यावर मी वही वाचायचो आणि तो डोळे मिटून ऐकत राहायचा. त्याला वाचता येत नव्हतं. "तू वाचजो, मी चालतो," असं आमचं ठरलेलं होतं. सागाची पानं वाळून खाली पडायची, तर त्याला तो समुद्राचा आवाज वाटायचा. समुद्र आम्ही दोघांनीही पाहिलेला नव्हता.

मग त्याच्या डोळ्यांत साखर उतरली. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर दोन-तीन वर्षं टिकेल, पुढचं सांगता येत नाही. तो घाबरला नाही. मला एवढंच म्हणाला की आता यंदाच.

मी रजेचा अर्ज लिहिला. त्याच्यासमोर लिहिला, सही केली, घडी घातली. अर्ज देण्याआधी एकदा तालीम करून बघू म्हणून आम्ही दोन दिवस सिरोंच्याला गेलो. पिशव्या पाठीवर होत्या. गोदावरी नावेनं ओलांडून पलीकडे, आताच्या तेलंगणात उतरलो, आणि तिथल्या पाट्या बघून मी थांबलो. सगळं गोल-गोल अक्षर. बस कुठली, रस्ता कुठला, काही कळेना. मी एका दुकानदाराला हिंदीत विचारलं, त्यानं मान हलवली. तेवढ्यात भाऊ पुढे झाला. तेंदूपत्त्याच्या फळीवर, पानं गोळा होतात तिथे, ऐकलेले चार तेलुगू शब्द, थोडी गोंडी आणि हातवारे, एवढ्यावर त्यानं बस विचारली, पाणी मागितलं, एका म्हातारीच्या अंगणात सावलीत जागाही मिळवली. मला म्हणाला, "इथी तुह्यं वाचनं चालत नाई. आता आपन दोघंही सारखेच."

तो मस्करी करत होता. मीही हसलो. पण परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेरच बघत राहिलो. जंगलात मी गार्ड होतो, वही माझ्या हातात असायची, माझ्याशिवाय त्याचा देश उघडत नव्हता. नदीपलीकडे मी कोणी नव्हतो. आणखी एक गोष्ट होती, तीही सांगून टाकतो. मला ते ठरवणंच आवडत होतं. ओट्यावरच्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी होत्या. निघालो असतो तर त्या संपल्या असत्या.

अर्ज मी दिला नाही. चार दिवसांनी त्याला सांगितलं की रेंजर साहेबांनी नाही म्हटलं, माणसं कमी आहेत म्हणाले.

"काऊन? हंगाम तर संपून राह्यला," तो म्हणाला.

मी खांदे उडवले. तो उठून नकाशापाशी गेला. मग म्हणाला की साहेब वाईट माणूस नाही, पण तो जीपमध्ये फिरतो, त्याला चालायची भूक काय कळणार. पुढच्या वर्षी मी तेच केलं. त्याच्या पुढच्या वर्षी त्यानं विचारलंच नाही, मीच सांगितलं.

त्यानं साहेबांशी बोलणं सोडलं. साहेब जाळरेषा बघायला आले की हा काम चोख दाखवायचा, पण नमस्कार करायचा नाही. साहेब सरळ माणूस होते. बदली होऊन जायच्या आधी त्यांनी मला एकट्याला विचारलं, "माझं काही चुकलं का हो? तो माझ्याकडे बघतही नाही." मी म्हणालो, त्याचा स्वभावच तसा आहे.

नजर गेल्यावर मुलगी त्याला अहेरीला घेऊन गेली. मी निवृत्त झालो. मधे बरीच वर्षं मी फक्त निरोप पाठवत होतो. गेल्या वर्षी पोळ्यानंतर एका सकाळी मी अर्जाची ती जुनी घडी खिशात घातली, वही घेतली आणि आष्टीवरून अहेरीला जाणारी बस धरली. रस्ताभर एकच वाक्य मनात म्हणत होतो. आलापल्लीपर्यंत ते मला पाठ झालं होतं.

तो अंगणात खाटेवर बसला होता, पाठीशी तीच ताडपत्रीची पिशवी उशीसारखी. माझ्या चालण्यावरून त्यानं मला ओळखलं. म्हणाला, "वही आनली काय? वाच."

मी वाचलं. वैनगंगा, नर्मदा, चंबळ. त्याचे पाय खाटेवरून खाली लोंबत होते आणि हळूहळू हलत होते, एकानंतर एक. सिंधूपाशी तो थांबला, अंगावरचं पांघरूण नीट केलं. ब्रह्मपुत्रापाशी म्हणाला, पाणी लय मोठं हाय. मी समुद्राशी आलो तेव्हा जवळच्या सागाची पानं वाऱ्यानं वाजत होती आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला पुढे वाचवेना. जमीन संपते ते शेवटचं पान त्यानं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

मग त्यानं माझा हात शोधला. "त्या साहेबाले कधी भेटला तं सांगजो, मी राग सोडला. आन् तुह्यं काई चुकलं नाई, गार्डभाऊ. तू तं अर्ज देल्ला होता."

खिशातला कागद मला छातीशी टोचला. तेवढ्यात मुलीनं चहा आणला. चहा पीत तो धानाबद्दल बोलला, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. मी बसची वेळ झाली म्हणालो. वेळ झालेली नव्हती. बसस्टँडवर मी दीड तास बसलो आणि तिथून त्याचं घर चालत दहा मिनिटांवर होतं.

थंडी सुरू होता होता तो गेला. मुलीनं फोनवर सांगितलं.

आलापल्लीपर्यंत पाठ केलेलं ते वाक्य अजून जसंच्या तसं आहे. भाऊ, साहेबानं नाई म्हटलंच नव्हतं. अर्ज माह्याच खिशात होता. मी भ्यालो होतो. तुह्यं चालनं मी अडवलं, मले माफ कर.