कळण्याची भाकर

माझी थोरली लेक सव्वा वर्षाची असताना तिने जेवण सोडलं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. आम्ही सोनाळ्याला राहत होतो. घरात मी, नवरा, सासू-सासरे आणि ही चिमुरडी. तिला गोवर येऊन गेला, ताप उतरला, अंगावरचे डागही गेले, पण भूक काही परत आली नाही. घास तोंडाशी नेला की ओठ गच्च मिटायची आणि मान फिरवायची, जसं काही मी तिला कारल्याचा रसच पाजत होते.

आमच्याकडे जेवण म्हणजे भाकर. भात शिजायचा तो पाहुण्यासाठी, नाहीतर आजाऱ्यासाठी. म्हणून नातीसाठी सासऱ्यांनी बाजारातून मुद्दाम बारीक तांदूळ आणला. तिची वाटी वेगळी, तिचा गुरगुट्या भात वेगळा, वर तूप. सगळ्यांच्या आधी तिला मांडीवर घेऊन मी भरवायला बसायची. सासरे ओसरीवरून विचारायचे, "खाल्लं का लेकरानं?" सासूबाई चुलीपासून मान उंच करून बघायच्या. अख्खं घर त्या एवढ्याशा तोंडाकडे डोळे लावून बसलेलं, आणि त्या तोंडातून भात जसाच्या तसा माझ्या लुगड्यावर.

मी मुळात तापट. चिऊ-काऊचे घास तीन दिवस केले. चौथ्या दिवशी गाल दाबून भात कोंबला. तिने तो ओकला आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. ती रडली, मग मीही रडले. आज त्याची लाज वाटते. तेव्हा फक्त भीती वाटत होती. मागच्या गल्लीतलं एक लेकरू गोवरानंतर असंच वाळत वाळत गेलं होतं. बैलगाडी जुंपून डॉक्टरांना दाखवून आणलं. ते म्हणाले, रोग काही नाही, पोटात अन्न जायला हवं, एवढंच. एवढंच तर होत नव्हतं. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, तर सगळ्यांना सडकून ठसका लागला. म्हणजे दृष्टही नव्हती.

अशातच एका सकाळी बांगड्या भरणारी मणेरीण चाची आली. ती महिन्या-दीड महिन्याने गावात फेरी करायची. माझा हात भरून झाल्यावर तिने लेकीचा हात धरला, तर तिनेच गेल्या खेपेला भरलेल्या बांगड्या मनगटावरून आपोआप खाली घसरल्या. चाची त्या बांगड्या तळहातावर घेऊन बघत राहिली.

"काऊन वं, लेकरू इतकं काऊन वाळलं?"

मी सगळं सांगितलं. चाचीने ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं, "अन् तू कधी जेवतं?"

"सगळ्यायचं झाल्यावर. हे निजली का मंग."

"म्हंजे इनं तुले जेवताना पाह्यलंच नाही?"

खरंच पाहिलं नव्हतं. सासरे आणि नवरा जेवून उठले की सासूबाई बसायच्या, आणि लेक निजली की स्वयंपाकघराचं दार लोटून मी. सुनेने कुणासमोर घास घ्यायचा नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं; माझ्या आईला मी तसंच पाहिलं होतं.

"लेकरू पाहून शिकते, बाई," चाची म्हणाली. "तुमी समदे भाकर खाता, अन् इले एकटीले भात. वरून सारे तोंडाकडं पाहून राह्यले. मी बी नसता खाल्ला. तू इच्यासमोर जेव. इले खाय म्हणू नको. पाहू बी नको."

सासूबाई चुलीपाशी ऐकत होत्या. आता चाचीची खरडपट्टी निघणार, असं मला वाटलं. त्या उठल्या, ओसरीवर गेल्या आणि सासऱ्यांना म्हणाल्या, "तुमी जरा पारावर जाऊन बसा." परत येऊन त्यांनी तव्यावरची कळण्याची भाकर, ज्वारी-उडदाची, थेट ताटात टाकली. शेजारी वांग्याची भाजी वाढली.

"बस. जेव."

"तुमचं व्हाचं हाये अजून."

"माहं होईन मंग. बस."

मी बसले. भाकर मोडली. लेक भिंतीला धरून उभी होती. मी तिच्याकडे पाहायचं नाही म्हणून ताटात मान घालून जेवत होते. थोड्या वेळाने ताटाच्या कडेला एक इवलासा हात आला. त्याने भाकरीचा पापुद्रा ओढला. मग चार दातांनी चावल्याचा बारीक आवाज. पुन्हा हात आला, या वेळी थेट भाजीच्या रश्श्यात. तिखटाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, नाक वाहायला लागलं, तरी हात पुन्हा ताटातच. मला तिला उचलून छातीशी धरायचं होतं. दारातून चाचीने डोळ्यांनीच दटावलं. चतकोर भाकर तरी गेली असेल पोटात. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले आणि ओल्या लाकडांना बोल लावला.

चाचीने त्याच ढिल्या बांगड्या लेकीच्या हातात पुन्हा चढवल्या. "राहू दे, भरन मनगट." मी चाचीला वाकून नमस्कार केला. बांगड्या भरल्यावर सगळ्याच बायका करतात, पण तो माझा बांगड्यांसाठी नव्हता. पुढे दिवाळीत त्याच बांगड्या साबण लावून काढाव्या लागल्या. उरलेला तांदूळ पाहुण्यांनी खाल्ला. आणि सासूबाई रोज, तवा चुलीवर असतानाच, आम्हा दोघी मायलेकींना एका ताटावर बसवू लागल्या.

त्या दिवशी ताट घासायला घेतलं तेव्हा माझी बोटं हुळहुळत होती. भाकर मोडताना चटका बसला होता. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि त्या घरात गरम भाकर मी पहिल्यांदाच खाल्ली होती.