‘पाठवू नये’

आमच्या नागपुरातल्या एका ग्रंथालयात एका दिवंगत मुत्सद्द्याचे कागद ठेवलेले आहेत. ते सांभाळणाऱ्या कारकुनाला मी गेली तीन वर्षं दर मंगळवारी भेटतो. फाइल मागितली की तो आधी कूलरमध्ये पाणी टाकतो, मग हात पुसतो, मग पुन्हा एकदा पुसतो. तोवर माझं डोकं तापतं.

त्या मुत्सद्द्याची एक सवय या कारकुनानेच मला दाखवली. शेजारी देशाचं खरमरीत पत्र आलं की साहेब त्याहून खरमरीत उत्तर लिहीत, वर ‘पाठवू नये’ असा शेरा मारत आणि दुसऱ्या दिवशी गोड पत्र रवाना करत.

“लढाई अशी टळते, सर,” तो म्हणाला. “राग आला तर लिहून काढाचा. तिकीट नाही लावाचं.”

मागच्या मंगळवारी फाइल यायला तास लागला, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडलो.

“काहून तापून राहिले, सर? आणून राहिलो ना,” एवढंच बोलून तो आत गेला.

आज त्याने चुकून भलतीच फाइल आणली. वर माझं नाव होतं. आत त्याच्या टपोऱ्या अक्षरात मला लिहिलेली वीस-बावीस पत्रं होती, आणि प्रत्येकावर ‘पाठवू नये’. फक्त सगळ्यात वरच्या, मागच्या मंगळवारच्या पत्रावर शेरा अजून मारलेला नव्हता.

मी फाइल मिटली, उठलो आणि कूलरमध्ये पाणी टाकलं.