तहकूब सभेला कोरम लागत नाही

ग्रामसेवकाची नोकरी संपली की माणसाजवळ पेन्शन उरते आणि किस्से उरतात. ते कुणी जमवत नाही, आपसूक साचतात. चार जुने ग्रामसेवक चहाला बसले की सुरू! माझे बहुतेक किस्से जाफराबाद तालुक्यातल्या एकाच गावचे आहेत. नव्वदच्या दशकात मी तिथे होतो आणि लोकांनी स्वतः कारभारात भाग घ्यावा, असा वरून फार आग्रह होता.

*

माझ्या पहिल्याच ग्रामसभेला दवंडी देऊनही कुणी फिरकेना. सरपंच नाना उत्साही माणूस. म्हणाले, समोर स्टॉपवर एसटीची वाट बघणारेही गावचेच मतदार आहेत, तिथंच घेऊ सभा. कोरम झटक्यात भरला. मी पहिला विषय वाचायला घेतला आणि एसटी आली. अख्खा कोरम तिच्यात चढला. शेवटचा गडी दारातून ओरडला, "सायेब, माझा होकार धरा!"

कशाला होकार, ते त्यानं विचारलं नव्हतं.

*

गावात एक आप्पा होते. एकही सभा चुकवायचे नाहीत. ठरावाच्या बाजूने हात वर करायचे आणि विरोधातही करायचे. एकदा मी म्हटलं, आप्पा, असं कसं चालेल?

"दोघायचं म्हननं बराबर वाटून राह्यलं," आप्पा म्हणाले. "मंग एकाला कशाला नाराज करायचं?"

*

पुढे नानांना नियमात एक सोय सापडली. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते, आणि पुन्हा भरवलेल्या त्या तहकूब सभेला कोरमची गरजच नसते. नाना खूश. तेव्हापासून दवंडी जरा हळू आवाजात व्हायला लागली आणि तहकूब सभेत नानांचे लोक ठराव करून मोकळे होऊ लागले.

मळ्यातल्या वस्तीवरची कौसाबाई एकदा तावातावाने विचारायला आली, आम्ही नसताना ठराव होतात कसे? नानांनी तिला हा नियम अगदी हौसेने समजावून सांगितला. मला त्यांचा राग आला, पण नियम होता खरा.

*

आणि मग गावाला हातपंप मंजूर झाला. एकच. नानांना तो आपल्या घरासमोरच्या चौकात हवा होता. वस्तीवरच्या बाया नाला ओलांडून दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणायच्या आणि विहीरवाला मनात आलं की त्यांना हाकलून द्यायचा. सभा शिरस्त्याप्रमाणे तहकूब झाली. पुढच्या सभेला नानांचे नेहमीचे लोक आले आणि त्यांच्या पाठोपाठ वस्तीवरच्या बायांना घेऊन कौसाबाई आली.

नाना गडबडले. आज मंडळी कमी आहेत, सभा पुढं ढकलू, म्हणाले.

"तहकूब सभेला कोरम लागत न्हाई," कौसाबाई म्हणाली. "तुमीच सांगतल्तं ना, नाना?"

हात मोजावे लागले. दोन्हीकडे सारखेच भरले. नाना हसले, कारण समान मतं पडली की अध्यक्षाला एक जादा मत, आणि अध्यक्ष नानाच. तेवढ्यात सगळ्यांसाठी चहा घेऊन आलेल्या नानांच्या बायकोने ट्रे खाली ठेवला आणि वस्तीच्या बाजूने हात वर केला. त्याही गावच्या मतदार. नाना त्या हाताकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, लिहा सायेब, पंप वस्तीवर.

सभा संपली. वहिनी कप गोळा करत होत्या. मला राहवेना. विचारलंच, वहिनी, तुम्ही हात का वर केला?

"हात मोजून राह्यल्ते ना," त्या म्हणाल्या, "म्हून केला."