पुंडलिकरावांचा नवरंग

मारेगावच्या एका जिनिंगमध्ये पुंडलिकराव डाखरे यांनी एकतीस वर्षं मशीन चालवली. कापसाची सरकी काढणाऱ्या त्या मशिनींच्या खडखडाटात त्यांचे कान हळूहळू गेले. निवृत्त झाले तेव्हा कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच ऐकू जाई. पानठेल्यावरच्या गप्पांना जाणं त्यांनी सोडलं. सगळ्यांचं हसून झाल्यावर आपण हसायचं, याचा त्यांना कंटाळा आला होता.

मुलगा सुनील नागपूरला गेला तेव्हा आपला जुना कॅमेरा घरी ठेवून गेला. घरामागे पेरू, लिंबू, सीताफळ, जास्वंद. एके दिवशी पुंडलिकरावांनी पेरूवरच्या बुलबुलाचा सहज फोटो काढला. मोठा करून पाहिला तर शेपटीखाली लाल डाग! साठ वर्षं हा पक्षी पाहत आलो अन् डाग आज दिसला, याचं त्यांना फार नवल वाटलं. मग कॅमेरा गळ्यातून उतरेचना.

पण पक्षी आधी ऐकू येतो, मग दिसतो. ते ऐकायचं काम त्यांच्या पत्नीकडे, विजयमालाबाईंकडे आलं. त्या मागच्या ओट्यावर भाजी निवडत बसत. आवाज आला की नवऱ्याच्या दंडाला हात लावून झाड दाखवत. ते भलत्याच झाडाकडे पाहत राहिले, तर चिमटा.

जूनमध्ये बाईंनी वेगळीच शिट्टी ऐकली.

"अवो, सीताफळात कोणीतरी शिट्टी मारून राह्यलं!" त्या कानाशी ओरडल्या.

पुंडलिकरावांनी फांद्यांवरून कॅमेरा फिरवला. काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ते वैतागले. "शेजारचा कुकर असन तो."

"कुकर दोन सुरांत वाजते काय? अन् वर कायले पाहता? आवाज खालून येऊन राह्यला!"

बाईंनी त्यांची मानच धरून खाली वळवली. वाळक्या पानांत काहीतरी टुणकन उडालं. हिरवी पाठ, निळा खांदा, पोटाखाली लालभडक, डोळ्यावर काळी पट्टी. पुंडलिकरावांनी घाईघाईनं बटण दाबलं. पहिले चार फोटो नुसत्या पानांचे आले. पाचव्यात पक्षी मान वर करून, चोच उघडून उभा होता.

फोटो नागपूरला पाठवला, अन् संध्याकाळी सुनीलच्या बायकोचा, अर्पिताचा फोन आला. "आई, हा नवरंग आहे. बाबांनी त्याची शिट्टी ऐकली का?"

बाईंनी प्रश्न कानात ओरडून सांगितला. पुंडलिकराव फोटोतल्या उघड्या चोचीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मले कानाची मशीन पायजे."

दोन वर्षं घरचे हेच सांगत होते अन् ते उडवून लावत होते. पुढच्याच आठवड्यात यवतमाळला जाऊन ते कान तपासून, मशीन लावून आले. अंगणात पाऊल टाकताच थबकले. लिंबाखाली सातभाई पाखरांचा कालवा चालला होता.

"हे रोजच एवढे भांडतेत?"

"रोजच," बाई म्हणाल्या. "ओरडू नका आता, मले ऐकू येते."

चौथ्या दिवशी सकाळी सीताफळाखालून शिट्टी आली. दोन सूर, स्पष्ट. पुंडलिकराव कॅमेरा उचलायचंच विसरले. डोळे पुसत हळूच म्हणाले, "आणखी एकदा मार ना बाबू."

दसऱ्याच्या सुमारास नवरंग निघून गेला. त्याचा फोटो सुनीलनं मोठा करून पाठवला, अन् पुंडलिकरावांनी तो समोरच्या खोलीत आपल्या लग्नाच्या फोटोशेजारी लावला. विजयमालाबाईंची तक्रार एवढीच, की पाखराचा फोटो लग्नाच्या फोटोपेक्षा मोठा काहून?