वैभवला हवा होता एकच प्राणी

कोड बिघडला तर दुरुस्त करता येतो. किस्सा एकदा घडला की डिलीट होत नाही, आणि आमच्याकडं किश्श्यांचीच भरती जास्त!

आम्ही म्हणजे तिघं. माझा भाऊ वैभव कोड लिहितो, वाळूजच्या कंपनीतला त्याचा दोस्त शकील टेस्टिंग करतो आणि जगभरातून येणाऱ्या मेसेजना उत्तरं मी देते. मोबाईलवर प्राणी पकडायचा एक गेम आहे. कुणी फक्त रात्री निघतो, कुणी पावसात, कुणी दोस्ताशी अदलाबदल केली तरच मिळतो. पुढं कुणाला पकडायचं, कुठं पकडायचं, हे सांगणारी वेबसाईट आम्ही हौसेनं बनवली. दर रविवारी, मुकुंदवाडीत, आमच्या हॉलमध्ये.

साईट सुरू होते न होते तोच एकानं विचारलं, "तुमचा स्वतःचा गेम तरी पूर्ण झालाय का?"

वैभवला ते लईच लागलं. "माझं कलेक्शन भरल्याशिवाय दम घेणार नाय. फोटो होमपेजवर टाकतो की नाय बघ!"

*

आईनं गल्लीत सांगून टाकलं, "वैभव जनावरांचं बघतो." झालं! शेजारच्या काकू शेळी घेऊन दारात. वैभव आत लपला. शकील गंभीर चेहऱ्यानं बाहेर गेला.

"कधी निघते? दिवसा का रात्री?"

"रात्री कशाला निघंल? बांधलेली असती!"

"खाते काय?"

"माझी तुळस!"

"मग कॉमन आहे काकू, घाबरू नका."

काकू खूश होऊन गेल्या. तेव्हापासून गल्लीत शकीलला डॉक्टर म्हणतात.

*

एकदा साईट संध्याकाळी "सकाळ झाली" दाखवायला लागली. लोकांच्या शिव्या सुरू. शकील मात्र म्हणे, सगळं बरोबर आहे! त्याची नाईट शिफ्ट चालू होती.

"मैं सोके उठा, चाय पिया, साईट बोली सुबह हुई. गलत क्या है?"

असला आमचा टेस्टर!

*

मधेच वैभवनं शकीलचं हेल्मेट नेलं. "उद्या आणून देतो." शकीलच्या कंपनीत हेल्मेटशिवाय गाडी गेटच्या आत घेत नाहीत. बिचारा रोज गेटवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं हेल्मेट मागायचा. विचारलं की वैभव म्हणायचा, "उद्या नक्की!"

त्याचा उद्या अजून उगवायचाय.

*

गेमचा एक नियम आहे. प्राणी ज्यानं पकडला, त्यानं ठेवलेलं नाव नंतर दुसऱ्याला बदलता येत नाही. शकीलनं मला एक गोंडस प्राणी दिला, नाव "चिडकी"! मी अजिबात चिडले नाही. फक्त त्याचा चहा बंद केला.

*

शेवटी वैभवचा एकच प्राणी उरला, आणि तो नेमका शकीलकडं.

"दे ना यार, जिंदगीचा सवाल आहे!"

"ले ले भाई," शकील गोड हसून म्हणाला. मला तेव्हाच शंका आली.

कलेक्शन भरलं! वैभव हॉलभर नाचला. आईनं शिरा केला. नाव-बिव न वाचताच त्यानं होमपेजवर भला मोठा फोटो टाकला, मधोमध तो शेवटचा प्राणी. मी वाचलं होतं. पण चहाचं भांडण मिटलं होतं, म्हणून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी ब्राझीलच्या एका पोराचा मेसेज आला. "बाकी सगळे सापडले. फक्त हा 'हेल्मेट दे' कुठं मिळतो, तेवढं सांगा."

मी तो शकीलला वाचून दाखवला. तो म्हणाला, "लिख दे उसको, हम भी वोइच ढूंढ रहे!"