करडाच्या गळ्यातला थायमस

थायमसची स्लाइड मी फोडली. दोष ना शिपायाचा, ना मुलांचा. सूक्ष्मदर्शकाचं मोठं भिंग खाली घेताना जरा जास्त फिरवलं आणि कट्ट असा आवाज आला. प्राणिशास्त्राच्या कपाटात त्या ग्रंथीची तेवढी एकच स्लाइड होती, आणि प्रात्यक्षिक परीक्षा दीड महिन्यावर. सांगलीच्या त्या कॉलेजात मला जेमतेम वर्ष झालं होतं. विभागप्रमुख सरांना सांगायची छाती होईना. म्हटलं, आपणच नवी करू. ताजा थायमस मिळाला की झालं.

ताजा थायमस म्हणजे मटणाचं दुकान. मी मूळची कोरेगावची. आमच्याकडे दर रविवारी मटण शिजायचं, पण आणायला जायचे वडील. फौजेतून निवृत्त झालेले. पिशवी घेऊन परेडला निघाल्यासारखे निघायचे. लग्न होऊन मिरजेला आले, तिथंही हे काम बाप्यांकडंच. त्यामुळं तिशी उलटेपर्यंत मी टांगलेला बोकड जवळून पाहिला नव्हता, आणि शिकवत होते शरीररचना.

घराजवळच्या दुकानातल्या चाचांनी मला पाहून रांगेतल्या लोकांना बाजूला केलं.

"बोला बाई, किती देऊ?"

"मटण नको. हृदयाच्या वर, श्वासनळीच्या पुढं एक ग्रंथी असते, ती हवी." मी मोबाइलवर आकृती दाखवली.

चाचांनी चष्मा वर करून ती पाहिली. "औषधाला पायजे व्हय?"

"नाही, शिकवायला."

मग मी मोठ्या आत्मविश्वासानं बोट दाखवलं आणि त्यांनी मुकाट्यानं तो भाग कापून दिला. कॉलेजात नेऊन बघते तर नुसती चरबी. पुढच्या रविवारी बोट दाखवलं ती निघाली लाळग्रंथी. तिसऱ्या रविवारी चाचांना राहवलं नाही.

"बाई, रागावू नका. तुमाला ती गळ्याखालची पांढरी, मऊ गाठ पायजे न्हवं?"

"हो, हो, तीच!"

"मग बोकडात कशाला हुडकताय? ती करडात असती. जनावर वाढलं की आटती, चरबी हुती तिची."

माझे कान गरम झाले. हेच वाक्य गेल्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

बुधवारी त्यांनी करडाची गाठ माझ्यासाठी बर्फात ठेवली. पुढचे आठ-दहा दिवस फॉर्मालिन, मेण, पातळ काप, रंग यांत गेले. कापाला मधोमध एक सुरकुती पडली, पण गर्द जांभळी कड आणि आतला फिकट गाभा स्वच्छ दिसत होता. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी थेट दुकानात गेले. "चाचा, एकदा बघायला या."

"येतो की. सोमवारी दुकान बंदच असतंय."

कुठला सोमवार ते ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं. ते आले नेमके परीक्षेच्या सोमवारी. इस्त्रीचा पांढरा शर्ट, अत्तर, चष्मा. शिपायाला वाटलं, बाहेरचे परीक्षकच आले. त्यानं त्यांना मोठ्या खुर्चीत बसवून चहा दिला. सरांनी वाकून नमस्कार केला. "प्रवास ठीक झाला ना?"

"लय झकास. रिक्षानं आलो."

मी स्लाइडी मांडून बाहेर आले तेव्हा चाचांसमोर एक विद्यार्थिनी वही छातीशी धरून उभी होती आणि सर म्हणत होते, "विचारा सर, काहीही विचारा."

चाचांनी क्षणभर विचार केला. "थायमसची ती गाठ मोठ्या बोकडात का घावत न्हाई?"

"तिचं बरंचसं काम लहानपणी उरकतं, सर. रोगजंतूंशी लढणाऱ्या टी पेशींची निवड."

"कशी निवडत्यात?"

"दोन परीक्षा असतात. पहिलीत आपल्याच शरीराची खूण ओळखता आली पाहिजे. ज्यांना येत नाही त्या मरतात. दुसरीत, ज्या आपल्याच शरीराला फार घट्ट चिकटतात त्याही बहुतेक मारल्या जातात. नाहीतर बाहेर पडून आपल्यावरच हल्ला करतील."

"म्हंजे घरच्याला वळकायचं, पर चावायचं न्हाई."

"हो सर!"

"आमच्या दुकानाम्होरच्या कुत्र्याला हेच शिकवाय दोन वर्सं गेली."

'दुकान' म्हटल्यावर सरांच्या भुवया हलल्या. तेवढ्यात दारातून कुणीतरी म्हणालं, "चालू द्या, चालू द्या." खांद्याला बॅग लावलेले खरे परीक्षक उभे होते, आणि बराच वेळ ऐकत असावेत. "पुढचा प्रश्न माझा. नापास पेशींचं काय होतं?"

"तिथल्याच मोठ्या पेशी त्यांना खाऊन टाकतात, सर."

"काईच वाया जात न्हाई," चाचांनी मान डोलावली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. फुटलेली स्लाइड, तीन रविवार, करडू, सगळं मी एका दमात सांगून टाकलं. सर सूक्ष्मदर्शकावर वाकले.

"सुरकुती पडलीय."

"हो सर."

"पण आपल्या जुन्या स्लाइडपेक्षा बरी आहे."

मग चाचांची पाळी. पहिल्यांदा त्यांना स्वतःची पापणीच दिसली. नंतर जांभळे ठिपके दिसले. "हे एवढं बारीक ठिपकं, त्याच पेशी व्हय? त्यातनं किती पास हुत्यात?"

"शंभरात दोन-चार."

"लय कडक हाय." मग ते हळूच म्हणाले, "माझ्या भनीची बोटं वाकडी झाल्यात. सांध्यांचा आजार. डॉक्टर म्हणत्यात, अंगच अंगावर उठलंय. दुसऱ्या परीक्षेतनं कुणीतरी निसटलं असंल, न्हाई का?"

अशा आजारांच्या यादीत त्याचं नाव मी वर्गात तिसरं म्हणून लिहून दिलं होतं. "इतकं सोपं नसतं, चाचा," मी म्हणाले. "पण तसंच काहीसं."

त्यांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मागं ती मुलगी शिपायाला विचारत होती, तिचे गुण नक्की कोण देणार म्हणून.